पाठकोरे कागद

आमच्या थोरल्या आपांची मुलगी गेल्या वर्षी सप्टेंबरात सार्वजनिक आरोग्य या विषयात एम.एस्सी. करायला इंग्लंडला गेली. आमच्या खानदानात परदेशी विद्यापीठाची पायरी चढणारी ती पहिलीच. तिच्या फीसाठी आपांच्या पाटल्या गेल्या आणि दूल्हाभाईंनी आंब्याच्या कलमांचा एक तुकडा विकला. त्यामुळे तिकडे तिचा एक पौंड खर्च झाला, की इकडे चौघांना त्याचा आवाज ऐकू येत असे.

दर इतवारी तिचा व्हिडिओ कॉल असायचा. आपा विचारायच्या जेवलीस का, दूल्हाभाई विचारायचे थंडी किती, आणि आम्ही शिक्षक असल्यामुळे अभ्यास किती झाला हे विचारायचे काम आमच्याकडे. फेब्रुवारीत एकदा आम्ही सहज तिच्या महिन्याच्या खर्चाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. खोलीचे भाडे, बस, किराणा, फोन. आणि मग एक ओळ : प्रिंट, आठवड्याला ६ पौंड.

"बेटा, हे काय?"

"खाला, वाचायचे लेख छापून घेते. स्क्रीनवर वाचलं की माझ्या डोक्यात राहत नाही."

हे आम्हाला पटले. वर्गात आम्हीही हेच सांगत आलो की पेन्सिल हातात घेऊन वाचा. पण हिशेब पाहा. स्टेशनजवळच्या दुकानात एका पानाला २० पेन्स, आठवड्याला सुमारे ३० पाने, ऑक्टोबरपासून १६ आठवडे. म्हणजे ९६ पौंड. आपल्या पैशांत दहा हजारांच्या वर. आपांनी तो आकडा ऐकला आणि त्या उठून आत गेल्या.

आम्ही विचारले, "विद्यापीठात छापायची सोय नाही का?"

ती म्हणाली, आहे. लायब्ररीत प्रत्येक मजल्यावर मोठी यंत्रे आहेत. मुले येतात, कार्ड लावतात, कागद घेऊन जातात. तिला वाटले होते की ते कार्ड वेगळे विकत घ्यावे लागत असेल, किंवा ती सोय तिथल्याच मुलांसाठी असेल. मग विचारले का नाहीस? यावर ती गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "काउंटरवर रांग असते. मागे लोक उभे असतात. माझं इंग्रजी दोनदा सांगावं लागतं त्यांना. लाज वाटते."

बी.ए.ला डिस्टिंक्शन मिळवलेली, गावात भाषण स्पर्धा गाजवलेली ही मुलगी. आम्ही तिला रागावलो नाही. बी.एड.ला असताना आम्ही स्वतः पहिले दोन महिने ग्रंथालयातून एकही पुस्तक घेतले नव्हते, कारण उर्दू माध्यमातून आल्यामुळे मराठी फॉर्मवर 'प्रवर्ग' म्हणजे काय लिहायचे ते कळत नव्हते आणि विचारायची हिंमत नव्हती. पाठ टाचणे मैत्रिणींच्या वह्यांवरून रात्री उतरवून काढली. तेव्हा भाचीला एवढेच म्हणालो, उद्या सकाळी दार उघडताच जा, त्या वेळी रांग नसते. आणि प्रश्न आजच रात्री कागदावर लिहून ठेव.

ती गेली. काउंटरवरच्या बाईंनी तिचे ओळखपत्र घेतले, संगणकात पाहिले आणि सांगितले की तुझ्या खात्यात २० पौंड आहेत. सप्टेंबरपासून पडून आहेत. साध्या काळ्या छपाईला एका बाजूचे ४ पेन्स, म्हणजे ५०० बाजू. दुकानात तिने छापून घेतलेली पाने होती ४८०. सगळीच्या सगळी त्यात बसली असती आणि वीस उरली असती.

शिवाय हे २० पौंड कुणी खैरात म्हणून दिलेले नव्हते. आपांच्या पाटल्यांतून जी फी गेली, तिच्यातलेच ते. फुकट म्हणजे काय, तर पैसे आधीच घेऊन झालेले आहेत. वर्ष संपले की शिल्लक शून्य होते, पुढच्या वर्षात जात नाही आणि रोख परतही मिळत नाही.

ही सोय कशी चालते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या वाचकांची मुले आता पुणे-मुंबईपासून जर्मनी-कॅनडापर्यंत जात आहेत आणि पद्धत पुष्कळ ठिकाणी थोड्याफार फरकाने अशीच असते. विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरून फाईल विद्यापीठाच्या छपाईच्या पानावर चढवतो. ती कुठल्या एका यंत्राकडे जात नाही. एका सामाईक रांगेत थांबते. मग तो कॅम्पसवरच्या कुठल्याही यंत्रापाशी जातो, ओळखपत्र टेकवतो, पडद्यावर त्याच्या फाईली दिसतात, हवी तिच्यावर बोट ठेवले की कागद बाहेर येतो आणि खात्यातून पैसे वजा होतात. एक दिवस कुणी फाईल सोडवून घेतली नाही, तर ती आपोआप पुसली जाते. पूर्वी बटण दाबले की यंत्र छापून मोकळे व्हायचे आणि बेवारस कागदांचा ढीग शेजारी पडून राहायचा. आता यंत्रासमोर माणूस उभा असल्याशिवाय कागद बाहेर पडत नाही.

हा हिशेब ठेवणाऱ्या प्रणाल्यांमध्ये 'पेपरकट' हे नाव पुष्कळ विद्यापीठांत दिसते. तो कार्यक्रम १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये तयार झाला आणि त्याची सुरुवात एका शाळेतली बेसुमार छपाई आवरण्यासाठी झाली होती. शाळेतली छपाई म्हटल्यावर आम्हाला हसू आले. आमच्या शाळेत हेच काम हेडसर कपाटाची किल्ली खिशात ठेवून करतात.

सगळ्यांनाच अशी फी-आधीची सोय परवडते असे नाही. जपानमध्ये टोकियोतल्या विद्यार्थ्यांनी २००६ साली एक वेगळी युक्ती काढली, नाव 'ताडाकॉपी'. जपानी भाषेत 'ताडा' म्हणजे फुकट. तिकडे एका झेरॉक्सला साधारण १० येन पडतात. परीक्षेच्या आधी एकमेकांच्या वह्यांच्या झेरॉक्स काढून मुलांचा खिसा रिकामा होई. या मंडळींनी कागदाच्या मागच्या बाजूला कंपन्यांच्या जाहिराती छापल्या, पैसे त्यांच्याकडून घेतले आणि पुढच्या कोऱ्या बाजूवर विद्यार्थ्यांना फुकट झेरॉक्स दिली. नोकरीसाठी मुले शोधणाऱ्या कंपन्यांना तरी विद्यार्थ्यांच्या वहीत शिरायची यापेक्षा चांगली वाट कुठली? तिथेही पान फुकट नव्हतेच. पैसे कुणीतरी दुसऱ्याने दिले होते आणि त्याची पावती मागच्या बाजूला होती.

आता खरी कसोटी पुढे. मार्चमध्ये बर्मिंगहॅमहून तिच्या अम्मीच्या चुलत भावाचा फोन आला. आपल्या कोकणातली बरीच घरे तिकडे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. हे मामू भले माणूस. ती विमानतळावर उतरली तेव्हा गाडी घेऊन आलेले, पहिले दहा दिवस घरी ठेवून घेतलेले. त्यांचे खाण्याचे छोटे दुकान आहे. ते म्हणाले, "बेटा, तुमच्या युनिव्हर्सिटीत प्रिंट फुकट मिळतं म्हणे. आपल्या मेनूचे तीनशे कागद काढून आण. काळे-पांढरे चालतील."

तिने आम्हाला फोन केला. रात्रीचे अकरा वाजले होते. आणि इथे आम्ही कबूल करतो की पहिल्याने आमच्या तोंडून काय निघाले. आम्ही म्हणालो, "दे काढून. त्यांनी तुझ्यासाठी इतकं केलं आहे."

ती म्हणाली, "खाला, खात्याच्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे, धंद्याच्या कामासाठी नाही. आणि ते पैसे अम्मीच्या पाटल्यांचे आहेत, हे तुम्हीच तर सांगितलं."

आम्ही निरुत्तर झालो. नियमाचे राहू द्या, पण आम्हाला आमचेच एक जुने काम आठवले. धाकट्या भावाच्या निकाहच्या वेळी पाहुण्यांच्या याद्या आणि दावतीचा हिशेब आम्ही शाळेच्या कागदावर, शाळेच्या प्रिंटरवर छापला होता. चाळीसेक पाने असतील. कुणी विचारले नाही, आम्हीही मनाला विचारले नाही. मुलांना नागरिकशास्त्रात सार्वजनिक मालमत्ता शिकवताना ती चाळीस पाने आम्हाला कधी आठवली नव्हती. त्या रात्री आठवली. दुसऱ्या दिवशी कागदाचे एक रीम विकत घेऊन शाळेच्या कपाटात ठेवले. हेडसरांनी विचारले, हे कुठून? आम्ही म्हणालो, जुने देणे होते.

मामूंना 'नाही' कसे म्हणायचे, हा प्रश्न मात्र राहिलाच. आपल्याकडे नात्यात सरळ नकार दिला, की तो तीन लग्नांपर्यंत पुरतो. भाचीने तो आमच्यापेक्षा शहाणपणाने सोडवला. शनिवारी ती बर्मिंगहॅमला गेली, त्यांच्या मेनूची फाईल स्वतः नीट बसवून दिली, एका ए-४ कागदावर दोन मेनू मावतील अशी, आणि त्यांच्याबरोबर छपाईच्या दुकानात गेली. तीनशे मेनू दीडशे कागदांत झाले. खर्च अर्ध्यावर आला. मामू खूश. ती खात्याबद्दल काही बोलली नाही आणि त्यांनीही परत विचारले नाही. आम्हाला वाटते त्यांना कळले असावे.

ए-४ कागदाचा एक हिशेब शिक्षकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. असे १६ कागद जोडले की जवळजवळ १ चौरस मीटर होतो. नेहमीच्या कागदाचे वजन चौरस मीटरला ८० ग्रॅम, म्हणजे एक कागद ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांचे रीम अडीच किलोचे. 'रीम' हा शब्द आपण इंग्रजी समजतो, पण तो अरबी 'रिज़्मा', म्हणजे गठ्ठा, या शब्दातून स्पेनमार्गे युरोपात गेला. 'दस्ता' तर सरळ फारसी, हातात मावेल एवढा. जुन्या हिशेबात २४ कागदांचा दस्ता आणि २० दस्त्यांचे रीम, म्हणजे ४८० कागद. भाचीने दुकानात छापून घेतलेली पाने बरोबर तेवढी, एक जुने रीम.

एप्रिलमध्ये तिच्या प्रबंधाचे काम सुरू झाले. विषय होता, तिकडे राहणाऱ्या आपल्या वयस्क बायकांचा साखरेचा आजार आणि त्यांचे खाणेपिणे. २४ जणींच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. तिकडे कुणालाही प्रश्न विचारण्याआधी त्याला माहितीपत्रक द्यावे लागते, संमतिपत्रावर सही घ्यावी लागते आणि हे सगळे त्या बाईला वाचता येईल अशा भाषेत. सोळा जणींना उर्दू हवे होते, आठ जणींना मराठी. उर्दू तिने स्वतः टाइप केले, मराठी तर्जुमा आमच्याकडे आला. प्रत्येकीच्या संचात सात पाने. अक्षर मोठे, कारण चष्मे जाड.

शुक्रवारी संध्याकाळी तिने लायब्ररीतल्या संगणकावर उर्दूची वर्डची फाईल उघडली आणि एकदम सोळा प्रती सोडल्या. शनिवारी सकाळी पहिल्या चार मुलाखती होत्या. यंत्रातून कागद आले ते पाहून तिला रडू कोसळले. तिने टाइप केले होते नस्तालीक लिपीत, जमील नूरी नस्तालीक फॉन्टमध्ये. तो फॉन्ट तिच्या लॅपटॉपवर होता, लायब्ररीच्या संगणकावर नव्हता. त्या संगणकाने आपल्या मनाने अरबी वळणाचे नस्ख अक्षर लावले. ओळी हलल्या, सात पानांची नऊ झाली, सहीची ओळ पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसली. सोळा गुणिले नऊ, १४४ पाने गेली. पाच पौंड शहात्तर पेन्स.

कुणी म्हणेल, नस्ख काय वाचता येत नाही का? कुरआन शरीफ तर त्याच वळणाने वाचतो. बरोबर आहे. पण सत्तरीच्या बाईने उर्दू आयुष्यभर नस्तालीकमध्ये वाचलेली असते. अनोळखी वळणाचा सरकारी दिसणारा कागद, आणि त्यावर सही कर म्हणताय. ती सही करणार नाही, आणि तिचे चुकलेही नाही.

मराठीचा घोळ आमचा. आम्ही गावातल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून वर्डची फाईल पाठवून दिली होती. त्याच्याकडे उत्तम दिसत होते. तिकडे उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, प्रश्नचिन्हे आणि डॉलर यांची खिचडी. सुदैवाने उर्दूने तिला शहाणे केले होते, म्हणून मराठीची तिने आधी एकच प्रत काढली. सातच पाने गेली. त्या रात्री आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. आम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये सातही पाने पुन्हा टाइप केली, आणि पहाटे अडीचला पाठवली. इकडे तिने स्वतःच्या लॅपटॉपवर उर्दूची पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलबरोबरच प्रवास करतो, समोरच्या यंत्राकडे तो असो वा नसो. यंत्राला त्यात लुडबुड करता येत नाही.

म्हणून परदेशीच कशाला, जिल्ह्याच्या गावी नेट कॅफेत अर्ज छापायला जाणाऱ्या मुलांनाही आम्ही आता हे तीनदा सांगतो : उर्दू असो की मराठी, फाईल घरूनच पीडीएफ करून न्या, आणि आधी एकच प्रत काढा. ती हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत पाहा. मगच बाकीच्या.

शनिवारी सकाळी दहा वाजता पहिल्या आजींनी संमतिपत्र हातात घेतले, चष्मा वर केला आणि विचारले, "ही लिखावट कुणाची?" भाची म्हणाली, "संगणकाची." आजी म्हणाल्या, "अच्छी है," आणि सही केली.

पूर्ण पुस्तक छापता येते का, असे इकडून तिच्या एका मैत्रिणीने तिला विचारले होते. तिकडे लायब्ररीच्या भिंतीवरच लिहिलेले असते : अभ्यासासाठी एक प्रकरण किंवा पुस्तकाचा दहावा हिस्सा, एवढीच मुभा. आपल्याकडे या प्रश्नावर मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, कारण तिथे पुस्तकांतली नेमलेली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने शिकवण्यासाठी लागणाऱ्या मजकुराला कायद्यात जागा आहे हे मान्य केले, आणि २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. गरीब विद्यार्थ्याच्या बाजूने लागलेला हा निकाल आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. पण तो शिकण्यासाठी आहे. अख्खी कादंबरी झेरॉक्स करून घरी नेण्यासाठी नाही.

प्रबंधाचा कच्चा खर्डा तिने जुलैत एकदाच छापला, दोन्ही बाजूंनी, ८० पाने. मुलाखतींचे कागद आणि मधले लेख धरून तोवर खात्यात सव्वाशेच्या आतच शिल्लक होती, म्हणून दुसऱ्यांदा छापण्याआधी ती थांबली. संपल्यावर पैसे भरून खाते वाढवता येते, आणि ४ पेन्स हा दुकानाच्या पाचवा हिस्सा भाव आहे, तरी ती थांबली. चुका तिने त्याच खर्ड्यावर हिरव्या पेनने काढल्या. प्रबंध जमा झाला तो मात्र कागदावर नाही, फाईल म्हणून.

यंदा ऑक्टोबरात ती परत आली. विमानाच्या वजनात तिने दुकानात छापलेले ते जुने लेख आणले, चारशेच्या वर कागद, दोन किलोहून जास्त वजन. आपा म्हणाल्या, एवढ्या वजनात माझ्यासाठी दोन ताटल्या आल्या असत्या. भाची म्हणाली, अम्मी, हे सगळ्यात महाग सामान आहे.

दुकानदाराने सगळे एकाच बाजूने छापले होते, म्हणून ते सगळे पाठकोरे निघाले. आता ते आमच्या पाचवीच्या वर्गात आहेत, तोंडी गणिताच्या कच्च्या कामासाठी. परवा एका मुलाने भागाकार सोडवून कागद उलटला, मागचे इंग्रजी बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "टीचर, हे कुणाचं आहे?"

आम्ही सांगितले, शेजारच्या मोहल्ल्यातल्या आपाचे. ती येत्या जुम्मेरातीला वर्गात येणार आहे. तूच विचार.